पॅरिसचा तह १७८३, अर्धवट चित्र आणि बाबांचा सातबारा

नदीकाठची | शनि, रात्री ११:१२

आईबाबा सांगलीहून आलेत दोन महिन्यांसाठी. डेलावेअरमध्ये पाहुण्यांना दाखवायचं काय हा प्रश्न आम्हाला दर उन्हाळ्यात पडतो, सेल्स टॅक्स नाही म्हणून आउटलेट मॉल दाखवून झाला, समुद्र दाखवून झाला, मग आज विंटरथर म्युझियमला घेऊन गेले. तिथे बेंजामिन वेस्टचं एक चित्र आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर जो पॅरिसचा तह झाला त्याच्या वाटाघाटींचं. डावीकडे अमेरिकन मंडळी, जॉन जे, जॉन अ‍ॅडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, हेन्री लॉरेन्स आणि फ्रँकलिनचा नातू टेंपल, जो यांचा सेक्रेटरी होता. आणि उजवीकडे काही नाही! नुसता तपकिरी रंग फासलेला. तिथे इंग्रजांचा रिचर्ड ऑस्वाल्ड आणि त्याचा सेक्रेटरी यायचे होते, पण ते चित्रासाठी बसलेच नाहीत, आणि चित्र जन्मभर तसंच राहिलं.

बाबा बराच वेळ बघत उभे होते. ते मोजणी खात्यातून रिटायर झालेत, चाळीस वर्षं साखळी, फाळणी आणि बांधावरची भांडणं. मला म्हणाले, "विकणारा हजर नाही तर दस्त कसा झाला?"

मी हसले, पण गाडीत येताना फोनवर तहाची कलमं काढून त्यांना मराठीत वाचून दाखवली (एकूण दहाच आहेत) आणि त्यांनी एकेका कलमावर असा शेरा मारलाय की मला इथे टंकल्याशिवाय राहवेना.

पहिलं कलम, इंग्लंडचा राजा तेरा राज्यांना एकेकाचं नाव घेऊन स्वतंत्र मानतो. बाबा : "बरं. फेरफार मंजूर."
दुसरं, हद्दी. "चतुःसीमा. मोजणी केली होती का?" नव्हती. (यावर पुढे लिहिते, धमाल आहे.)
तिसरं, न्यूफाउंडलंडच्या समुद्रात मासेमारी. "इतर हक्क."
चौथं, युद्धाआधीची इंग्रज सावकारांची कर्जं बुडवायची नाहीत. "बोजा उतरला नाही म्हणायचा."
पाचवं, इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या लोकांच्या जप्त केलेल्या इस्टेटी परत द्याव्यात अशी काँग्रेस राज्यांना 'कळकळीची शिफारस' करेल. इथे बाबा मोठ्याने हसले. "शिफारस! म्हणजे मिळणार नाही."
खरंच नाही मिळाल्या हो. निदान बहुतेकांना तरी नाही.
सातवं, इंग्रज फौजा 'शक्य तितक्या लवकर' जातील आणि जाताना 'निग्रो किंवा इतर मालमत्ता' नेणार नाहीत. यावर बाबा काही बोलले नाहीत. परत वाच म्हणाले. वाचलं.

मग आठवं, मिसिसिपी नदी दोघांनाही खुली, आणि बाकीची किरकोळ. पण ज्यांच्या जमिनीवरून ही रेघ ओढली त्या मूळ रहिवाशांचा शब्द पूर्ण कागदात कुठेच नाही. मोहॉक, सेनेका, शॉनी, चेरोकी, कुणीच नाही. बाबा म्हणाले वहिवाटदाराला नोटीस न देता केलेला दस्त आहे हा, कोर्टात पन्नास वर्षं चालेल.

त्याहून जास्त चाललं, बाबा.

तर धागा यासाठी की मला शाळेत हे युद्ध म्हणजे बोस्टनचा चहा, वॉशिंग्टन आणि 'मग स्वातंत्र्य मिळालं' एवढंच होतं. तहानंतर काय झालं ते कुणी शिकवलं नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

खोडरबर | शनि, रात्री ११:३१

पयला!

आमच्या गावातली विहीर अमेरिकेपेक्षा जुनी आहे. चालू द्या.

पायरीवरचा_दगड | रवि, सकाळी ७:०५

खोडरबर, विहीर जुनी आहे पण पाणी आहे का तिच्यात?

ताई, धागा आवडला. वाचनखूण साठवली. थोडी तारखांची भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला १९ ऑक्टोबर १७८१ ला. शरणागतीच्या दिवशी साहेब आजारी आहे सांगून आलाच नाही, हाताखालच्या ओहाराला तलवार देऊन पाठवलं. तहाचा कच्चा मसुदा सह्या होऊन तयार झाला ३० नोव्हेंबर १७८२ ला, आणि पक्का तह ३ सप्टेंबर १७८३ ला. म्हणजे लढाई संपल्यात जमा झाल्यावर दोन वर्षं कागदच चालू होता. आणि तो सही झाला कुठे, तर राजवाड्यात नाही, पॅरिसच्या रू जाकोबवरच्या एका लॉजमध्ये. कारण तोवर लंडनमध्ये सरकार बदललेलं, ऑस्वाल्ड जाऊन डेव्हिड हार्टली आलेला, आणि हार्टली म्हणाला मी व्हर्सायला येणार नाही, तुम्हीच माझ्या खोलीवर या. गेले बिचारे.

पुढची गंमत अशी की सहा महिन्यांत दोन्हीकडून मंजुरीचे कागद अदलाबदल करायचे होते आणि इकडे अ‍ॅनापोलिसला काँग्रेसचा कोरमच होईना. नऊ राज्यं लागत होती, थंडी कडाक्याची, लोक घरून निघेनात. शेवटी साउथ कॅरोलायनाचा एक सभासद फिलाडेल्फियात आजारी पडला होता त्याला अंथरुणातून उठवून आणला तेव्हा १४ जानेवारी १७८४ ला मंजुरी झाली. आपल्या सोसायटीची एजीएम आठवली की नाही?

नदीकाठची | रवि, सकाळी ८:४०

सोसायटीची एजीएम, अगदी अगदी.

हद्दीचं सांगायचं राहिलेलं ते लिहिते. वाटाघाटीला यांच्यासमोर होता मिचेलचा नकाशा, १७५५ चा. तहात लिहिलं की लेक ऑफ द वूड्स नावाच्या तळ्याच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला जायचं, की मिसिसिपी नदी लागेल. आता नकाशावर त्या कोपऱ्यात एक चौकट छापलेली होती म्हणून नदीचा उगम दिसतच नव्हता, सगळ्यांनी धरून चाललं की नदी वर उत्तरेपर्यंत जात असेल. प्रत्यक्षात नदी उगम पावते त्या तळ्याच्या खूप दक्षिणेला. म्हणजे त्या रेघेवरून पॅसिफिकपर्यंत चालत गेलात तरी मिसिसिपी लागणार नाही!

मग १८१८ ला पुन्हा करार करून त्या टोकापासून सरळ खाली ४९ अक्षांशापर्यंत रेघ ओढली, आणि त्यात मिनेसोटाचा एक तुकडा तळ्यापलीकडे कॅनडाला चिकटून राहिला. अजून आहे. नॉर्थवेस्ट अँगल म्हणतात. थोडेच लोक राहतात, रस्त्याने अमेरिकेत यायचं तर आधी कॅनडात शिरायचं आणि मग परत बाहेर. बाबांना हे सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. म्हणाले आमच्याकडे तासगावला एका गटात असंच झालं होतं, ओढा कुठून वाहतो ते न बघता ऑफिसात बसून नकाशा केलेला.

जुनी_मोडी | रवि, सकाळी १०:२२

चांगला विषय. पण सगळे लोक हे युद्ध अटलांटिकच्या पलीकडचं म्हणून सोडून देतात. अहो, त्याच युद्धाचं एक टोक पुण्यात होतं.

१७७७ ला सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याला आला, नाना फडणवीसांनी त्याला ठेवून घेतला, आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली की फ्रेंचांना आता चौल बंदर मिळतंय. लुबिन तसा बोलबच्चनच होता, त्याच्याकडून काही झालं नाही, पण पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. बातमी येताच इंग्रजांनी इकडे चंद्रनगर घेतलं, पाँडिचेरी घेतली, १७७९ ला माहे घेतलं. माहे घेतल्यावर हैदर भडकला, कारण त्याचा दारूगोळा त्याच बंदरातून यायचा. म्हणजे आपलं पहिलं इंग्रज-मराठे युद्ध, वडगाव वगैरे, चालू असताना इंग्रज एकाच वेळी मराठे, हैदर, फ्रेंच, स्पॅनिश, डच आणि अमेरिकन असे सगळीकडे अडकले होते. सालबाईचा तह मे १७८२ चा. महादजींनी घडवून आणलेला. त्यात एक अट बघा : पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कुठल्याही टोपीकराला मराठी मुलखात वखार घालू द्यायची नाही. ती कुणासाठी होती हे सांगायला नको.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट कडलूरची. इंग्लंड-फ्रान्सचा कच्चा तह झाला २० जानेवारी १७८३ ला. बातमी जहाजातून येणार. २० जूनला कडलूरसमोर फ्रेंचांचा सुफ्रां आणि इंग्रजांचा ह्यूज यांची आरमारं एकमेकांवर तोफा डागत होती, किनाऱ्यावर वेढा चालू होता, दोन्हीकडची माणसं मरत होती. बातमी पोचली जूनच्या अखेरीस. पाच महिने आधी संपलेल्या युद्धात मेली ती माणसं. पाँडिचेरी मग फ्रेंचांना परत मिळाली. मधल्या काळात मेलेले शिपाई, ज्यात आपलेच तेलंगे-तमिळ शिपाई जास्त, ते कुठल्या तहात आहेत?

खोडरबर | रवि, सकाळी १०:४०

मोडीकाका, म्हणजे अमेरिकेला स्वातंत्र्य नानांमुळे मिळालं असा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड करू का?

जुनी_मोडी | रवि, सकाळी १०:५८

करा, आणि खाली माझं नाव टाकू नका.

पण गंमत म्हणून एक सांगतो. फिलाडेल्फियात त्या काळी एका लढाऊ जहाजाचं नावच 'हैदर अली' होतं. एप्रिल १७८२ मध्ये जोशुआ बार्नी नावाच्या कप्तानाने त्याच जहाजाने स्वतःहून मोठं इंग्रज जहाज 'जनरल मंक' पकडलं, डेलावेअरच्या खाडीत. म्हणजे धागाकर्तीच्या अंगणातच. इंग्रजांना नडतो तो आपला, एवढ्याच हिशोबाने म्हैसूरच्या नवाबाचं नाव तिकडे पोचलेलं.

नदीकाठची | रवि, सकाळी ११:१५

काय सांगता! आम्ही त्या खाडीवर दर जुलैत वडापाव घेऊन जातो आणि हे माहीत नाही.

बदलीवाला | रवि, दुपारी १:३०

वर कॉर्नवॉलिसचं नाव आलं म्हणून. मी बँकेच्या नोकरीत तीन वर्षं गाझीपूरला होतो (उत्तर प्रदेश, गंगेकाठी). तिथे त्याची कबर आहे, मोठा घुमट, खांबांचा गोल, आत संगमरवरी काम. लोक लाटसाहेबाचा मकबरा म्हणतात. संध्याकाळी पोरं आवारात क्रिकेट खेळतात, म्हातारे चकरा मारतात. मी सहा महिने तिथे फिरायला जायचो, पण हा तोच यॉर्कटाउनवाला हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत हरलेला माणूस १७८६ ला इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूला १७९२ ला अर्धं राज्य द्यायला लावलं (तेव्हा आपले हरिपंत फडके त्याच्याच बाजूला छावणीत), बंगालला कायमधारा पद्धत लावली, आणि १८०५ ला दुसऱ्यांदा आला तो शिंदे-होळकरांशी चाललेलं खर्चिक युद्ध मिटवायला. येऊन दोन-अडीच महिन्यांत गेला. हरण्याने करिअर संपत नाही, फक्त वशिला आणि घराणं पाहिजे.

आणखी एक योगायोग. चित्रात जो हेन्री लॉरेन्स आहे ना, तो समुद्रात पकडला गेला होता आणि लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. त्या टॉवरचा कॉन्स्टेबल हे मानाचं पद कॉर्नवॉलिसकडेच. आणि शेवटी लॉरेन्सच्या बदल्यात सोडवला कुणाला, तर कॉर्नवॉलिसला!

पायरीवरचा_दगड | रवि, दुपारी २:०५

लॉरेन्सवरून आठवलं, सातव्या कलमातले ते 'निग्रो किंवा इतर मालमत्ता' शब्द त्यानेच घालायला लावले. तो पॅरिसला पोचला २९ नोव्हेंबरला, सह्यांच्या आदल्या दिवशी. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने घासाघीस केली, हा शेवटच्या क्षणी आला आणि एवढं एक वाक्य टाकून गेला. समोरच्या ऑस्वाल्डने लगेच मान डोलावली. का नाही डोलावणार, सिएरा लिओनजवळ बन्स बेटावर ऑस्वाल्डचं गुलामांच्या व्यापाराचं ठाणं होतं आणि चार्ल्स्टनला तो माल विकणारा दलाल कोण? लॉरेन्स. जुने धंद्यातले पार्टनर दोन देशांच्या वतीने समोरासमोर बसलेले. लॉरेन्सला टॉवरमधून सोडवताना जामीनही ऑस्वाल्डच होता.

फ्रँकलिनचं पण घरगुती प्रकरण आहे. त्याचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा इंग्रज गव्हर्नर, शेवटपर्यंत राजाच्या बाजूने, त्यासाठी कैद भोगली. चित्रातला टेंपल हा त्याच विल्यमचा मुलगा. आजोबा नातवाला मांडीला मांडी लावून बसलेत आणि बापाच्या बाजूच्या लोकांना एक पैसाही देणार नाही म्हणून अडून बसलेत. इस्टेटी परत देण्यावरून सगळ्यात कडक तोच होता. मृत्युपत्रातही मुलाला जवळजवळ काहीच ठेवलं नाही.

कैरीचं_पन्हं | रवि, दुपारी ४:१८

म्हणजे पॅरिसच्या तहात भाऊबंदकी पण आहे. आता मला हा विषय कळायला लागला.

बाकी फ्रेंचांचं काय झालं? पैसा त्यांचा, आरमार त्यांचं, यॉर्कटाउनला समुद्र अडवला त्यांनी, आणि टेबलावर?

पायरीवरचा_दगड | रवि, दुपारी ४:५०

फ्रेंचांना गंडवलं, सरळ भाषेत. काँग्रेसची यांना स्पष्ट सूचना होती की फ्रान्सला विचारल्याशिवाय काही करू नका. जॉन जेला संशय आला की फ्रान्स आणि स्पेन मिळून आपल्याला अ‍ॅपलाचियन डोंगराच्या अलीकडेच रोखणार, म्हणून तिघांनी ठरवलं की सूचना गेल्या खड्ड्यात. इंग्लंडचा पंतप्रधान शेलबर्न, त्यालाही तेच हवं होतं, अमेरिका फ्रान्सपासून फुटली तर जमीन गेली तरी चालेल, व्यापार आपल्याकडेच येईल. म्हणून मिसिसिपीपर्यंतचा मुलूख एवढ्या सहज मिळाला. फ्रान्सचा मंत्री व्हर्जेनला कळलं तेव्हा सह्या झालेल्या. त्याने तक्रारीचं पत्र लिहिलं, फ्रँकलिनने उत्तरात इतकं गोड लिहिलं की वर अजून ६० लाख लिव्र कर्ज मिळवलं. याला म्हणतात कसब. फ्रान्सच्या तिजोरीचं पुढे १७८९ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

शेलबर्नला मात्र हा तह भोवला. पार्लमेंट म्हणालं फार दिलंत, फेब्रुवारी १७८३ मध्ये त्याचं सरकार पडलं.

खडीसाखर | रवि, रात्री ९:०२

मी हॅलिफॅक्सला राहते, नोव्हा स्कोशिया. उशिरा आले पण शेलबर्न नाव वाचून थांबले. इथे शेलबर्न नावाचं गाव आहे, त्याच मंत्र्याच्या नावाचं. तह झाल्यावर साधारण ६०,००० लोक अमेरिका सोडून निघाले, इंग्रजांच्या बाजूचे, त्यातले निम्मे तरी इकडे आले. एका वर्षात जंगलात शहर उभं. आणि त्याला लागून बर्चटाउन, ते काळ्या लोकांचं.

युद्धात इंग्रजांनी जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांचे गुलाम आमच्याकडे पळून आले तर मोकळे. हजारो आले. मग तह झाला आणि सातवं कलम आलं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये या लोकांची काय गत झाली असेल, रस्त्यावर जुने मालक शोधत फिरत होते. इंग्रज सेनापती गाय कार्लटनने मग एक पळवाट काढली. म्हणाला जे तहाच्या आधी आमच्याकडे आले ते तेव्हाच स्वतंत्र झाले, ते आता कुणाची मालमत्ता नाहीत, म्हणून कलम त्यांना लागू नाही. वॉशिंग्टन स्वतः मे १७८३ ला त्याला भेटला, माझीही माणसं त्यात असतील म्हणून. कार्लटन बधला नाही. पण एक वही करायला लावली, जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, वर्णन, आधीचा मालक, कुठल्या जहाजावर, कारण उद्या भरपाई द्यायची वेळ आली तर हिशोब असावा. ३,००० नावं आहेत. स्कॅन केलेली पानं ऑनलाइन बघता येतात.

इथे आल्यावर स्वर्ग वगैरे काही नव्हता. जमिनी मिळाल्या नाहीत, मिळाल्या त्या खडकाळ. थंडीत जमिनीत खड्डा खणून वर छप्पर घालून राहिले. १७८४ च्या जुलैत शेलबर्नच्या बेकार गोऱ्या शिपायांनी यांची घरं पाडली, कमी मजुरीत काम करतात म्हणून. शेवटी १७९२ ला जवळजवळ १,२०० लोक पंधरा जहाजांतून आफ्रिकेला गेले, सिएरा लिओनला, आणि फ्रीटाउन वसवलं. ऑस्वाल्डचं ते बन्स बेट तिथून नदीत थोडं वरच.

मी चार वर्षांपूर्वी बर्चटाउनला गेले होते, वारा इतका की गाडीचं दार उघडेना. सासूबाई बरोबर होत्या. त्या खड्ड्याच्या घरापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "यात बाळंतीण कशी राहिली असेल गं."

नदीकाठची | रवि, रात्री १०:२०

खडीसाखर ताई, हे मी बाबांना वाचून दाखवलं. आईलाही.

बाबांचा प्रश्न, कब्जा कधी मिळाला? न्यूयॉर्क २५ नोव्हेंबर १७८३ ला सोडलं हे मला सापडलं, जाताना खांबाला ग्रीस लावून वर आपला झेंडा खिळ्यांनी ठोकून गेले म्हणे, पण बाकीचं?

पायरीवरचा_दगड | सोम, सकाळी ६:५०

बाकीचा मिळाला तेरा वर्षांनी. डेट्रॉइट, नायगारा, ओस्वेगो असे तळ्यांकाठचे किल्ले इंग्रजांनी सोडलेच नाहीत. तुम्ही आमच्या सावकारांची कर्जं देत नाही, आमच्या लोकांच्या इस्टेटी देत नाही, मग आम्ही किल्ले देत नाही. मग १७९४ ला जॉन जेला लंडनला जाऊन दुसरा करार करावा लागला, आणि १७९६ ला किल्ले मिळाले. बोजा तर १८०२ ला ६ लाख पौंड एकरकमी देऊन उतरवला.

आणि बाबांच्या 'इतर हक्क' ला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिसऱ्या कलमात भर समुद्रात मासेमारीचा 'हक्क' लिहिलंय आणि किनाऱ्यालगत मात्र 'मुभा'. अ‍ॅडम्स त्या एका शब्दावर जाम भांडला होता. तो वाद हेगच्या लवादापुढे मिटला १९१० साली.

वहिवाटदारांचं मात्र मिटलंच नाही. मोहॉकांचा पुढारी जोसेफ ब्रँट इंग्रजांच्या बाजूने लढलेला, त्याला तहाची कलमं कळली तेव्हा म्हणाला राजाने आम्हाला काँग्रेसला विकलं. इंग्रजांनी लाजेकाजेस्तव १७८४ ला कॅनडात ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन दिली. आज त्यातला अगदी छोटा तुकडा उरलाय आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

नदीकाठची | सोम, सकाळी ७:३५

बाबा म्हणतात पन्नास वर्षं म्हणालो होतो, माझा अंदाज कमी पडला.

कैरीचं_पन्हं | सोम, सकाळी ९:१०

खडीसाखर, त्या वहीत वॉशिंग्टनची माणसं सापडली का मग?

खडीसाखर | सोम, सकाळी ११:४४

सापडली. एक हॅरी वॉशिंग्टन आहे. वय ४३, शेरा 'फाइन फेलो', पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी सोडून आला. 'लाबोंदान्स' जहाज, इकडेच यायला निघालेला. माउंट व्हर्ननच्या तबेल्यात घोडे सांभाळायचा. तो पुढे बायकोबरोबर फ्रीटाउनला गेला आणि १८०० साली तिथल्या इंग्रज कंपनीविरुद्ध लोक उठले त्यात हा होता. भांडण जमिनीवर लावलेल्या कराचं होतं. पकडला, खटला चालला, हद्दपार केला.

खोडरबर | सोम, दुपारी १२:०१

कराचं?

खडीसाखर | सोम, दुपारी १२:०३

हो. कराचं.

नदीकाठची | सोम, रात्री ८:१५

बाबांना ती पानं लावून दिलीत लॅपटॉपवर. इंग्रजी अक्षर लागत नाही म्हणून भिंग घेऊन बसलेत, एकेका नावासमोर बोट ठेवून मला विचारतायत हे काय, हे काय. 'वॉर्न आउट' असा शेरा सापडला एका बाईसमोर, म्हणजे काय विचारलं. झिजलेली, म्हटलं. मग त्यांनी पान बदलू दिलं नाही बराच वेळ. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.